माहितीचा मालक कोण? पेरेंट आणि चाइल्ड कंपोनंटच्या संवादाची प्रस्तावना

कर्जाचा मासिक हप्ता काढून देणारा एक साधा पडदा डोळ्यांसमोर आणा. वर रक्कम लिहायची चौकट, तिच्याखाली तीच रक्कम सरकवून ठरवण्यासाठी एक स्लायडर, मग व्याजदर, मग मुदत आणि तळाशी ठळक अक्षरांत हप्ता. दहा लाख रुपये, ९ टक्के, २० वर्षे असे भरले की हप्ता येतो सुमारे ८,९९७ रुपये. मुदत १५ वर्षांवर आणली की तो १०,१४३ वर जातो. यातले गणित चक्रवाढ व्याज शिकलेल्या कोणालाही समजेल. कस लागतो तो दुसरीकडे. चौकटीतला आकडा बदलला की स्लायडर हलला पाहिजे, स्लायडर हलवला की चौकटीतला आकडा बदलला पाहिजे आणि काहीही बदलले तरी हप्ता नव्याने मांडला गेला पाहिजे. चौकटीत दहा लाख आणि स्लायडरवर बारा लाख दिसू लागले, तर कर्ज काढायला निघालेला माणूस खालच्या हप्त्यावर विश्वास ठेवणार नाही, आणि त्याने ठेवूही नये.

पडद्याच्या या भागांनी एकमेकांशी कसे बोलावे, कोणी कोणाला काय सांगावे आणि काय सांगू नये, हा या पुस्तकाचा विषय आहे. नव्याने शिकणाऱ्याला तो एखाद्या लायब्ररीच्या दोन-तीन नियमांएवढा वाटतो. प्रत्यक्षात त्यामागे चार दशकांहून अधिक काळाचा विचार आहे, आणि तो समजून घेतला की लायब्ररी बदलली तरी हात अडत नाही.

अनोळखी राहून बोलणे

आजचा कोणताही पडदा, ब्राउझरमधला असो वा मोबाइलवरचा, एकात एक बसवलेल्या कंपोनंटचा बनलेला असतो. आपल्या उदाहरणात सर्वांत बाहेर ‘हप्ता-गणक’ आहे. त्याच्या पोटात रक्कम, दर, मुदत आणि निकाल असे चार कंपोनंट. रकमेच्या पोटात पुन्हा चौकट आणि स्लायडर. बाहेरचा तो पेरेंट, आतला तो चाइल्ड. रकमेचा कंपोनंट गणकाचा चाइल्ड आहे आणि चौकटीचा पेरेंट. अशी सगळी रचना मिळून एक झाड तयार होते.

असे तुकडे पाडताना आपल्या दोन अपेक्षा असतात आणि त्या एकमेकींना ताण देतात. पहिली अपेक्षा, प्रत्येक तुकडा स्वतंत्र असावा. रकमेची चौकट एकदा नीट लिहिली की ती हप्त्याच्या पडद्यावर चालावी, मुदत ठेवीच्या पडद्यावर चालावी, विम्याच्या अर्जातही चालावी. त्यासाठी तिला आपला पेरेंट कोण हे ठाऊक असता कामा नये. दुसरी अपेक्षा, सगळ्या तुकड्यांनी मिळून एकच गोष्ट सांगावी. त्यासाठी त्यांच्यात बोलणे हवेच. अनोळखी राहून बोलायचे कसे, हे या विषयाचे मूळ कोडे आहे.

पहिल्या अपेक्षेचा सर्वांत नेमका युक्तिवाद डेव्हिड पार्नास यांनी १९७२ साली केला. प्रोग्रामचे भाग कामाच्या क्रमाने पाडू नयेत. पुढे बदलू शकेल असा प्रत्येक निर्णय हेरावा आणि तो एकाच भागाच्या आत झाकावा, असे त्यांनी मांडले. त्यांचे उदाहरण शब्दसूची तयार करणाऱ्या प्रोग्रामचे होते, पडद्याशी त्याचा संबंध नव्हता. तरी चाइल्ड कंपोनंटने पेरेंटला आपले किती अंतरंग दाखवावे, असा प्रश्न पडला की आजही त्याच निबंधाकडे वळावे लागते.

वाटचाल

ट्रिग्वे रीन्स्काउग हे नॉर्वेचे संशोधक १९७८-७९ मध्ये कॅलिफोर्नियातील झेरॉक्स पार्क या संशोधन केंद्रात पाहुणे म्हणून आले. मोठ्या प्रकल्पांच्या नियोजनाची गुंतागुंतीची माहिती माणसाला अनेक बाजूंनी पाहता यावी आणि हाताळता यावी, हा त्यांचा प्रश्न होता. त्यातून १९७९ मध्ये मॉडेल, व्ह्यू आणि कंट्रोलर ही विभागणी पुढे आली. पार्कमध्ये घडलेल्या स्मॉलटॉक भाषेत ती रुजली. तिथे मॉडेलला आपल्याकडे कोण पाहते आहे हे माहीत नसे. ते फक्त ‘मी बदललो’ असे जाहीर करी आणि त्याच्यावर अवलंबून असलेल्या प्रत्येकाला ‘ताजा हो’ असा निरोप पोहोचे. अनोळखी राहून बोलण्याची ही पहिली मोठी युक्ती. व्ह्यूच्या पोटात व्ह्यू ठेवण्याची सोयही स्मॉलटॉकमध्ये होती.

दशकभराने, १९८९ मध्ये आलेल्या नेक्स्टस्टेपने दुसरी युक्ती दिली. बटणाला फक्त दोन गोष्टी सांगायच्या: निरोप कोणाला द्यायचा आणि कोणता द्यायचा. ‘कोणाला’ ही जागा मोकळी सोडली, तर निरोप ज्या घटकावर लक्ष आहे तिथून सुरू होऊन एकेक पायरी वर चढत जाई आणि जो तो घेऊ शकेल त्याच्यापाशी थांबे. आयफोनच्या आजच्या प्रणालीतही ही साखळी आहे. तिसरी युक्ती पुन्हा नॉर्वेची. हावर्ड नोर्ड आणि एरिक चांबे-एंग यांनी घडवलेले ‘क्यूट’ हे साधन १९९५ मध्ये लोकांसमोर आले. त्यात घटक सिग्नल सोडतो आणि ऐकणारा आपला स्लॉट त्याला जोडून घेतो; जोडणी दोघांच्याही बाहेर, तिसऱ्या ठिकाणी लिहिली जाते. क्यूटमधला पेरेंट चाइल्डच्या आयुष्याचाही जबाबदार असतो. पेरेंट नष्ट झाला की त्याचे सर्व चाइल्ड त्याच्यासोबत नष्ट होतात. मालकीची कल्पना इथे अगदी उघड दिसते.

१९९४ मध्ये एरिक गामा आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांचे ‘डिझाइन पॅटर्न्स’ हे पुस्तक आले होते आणि अशा युक्त्यांना सर्वमान्य नावे मिळाली होती. त्यातले ‘मेडिएटर’ हे प्रकरण नवशिक्याने आवर्जून वाचावे असे आहे. अक्षरांचा टंक निवडायच्या छोट्या खिडकीचे उदाहरण त्यात घेतले आहे. यादी, चौकट आणि बटणे एकमेकांशी थेट बोलू लागली की सगळा गुंता होतो, म्हणून मध्ये एक सूत्रधार नेमावा, असे ते सांगते. आज आपण पेरेंट कंपोनंटला जे काम देतो ते बहुतांशी हेच.

वेबवर मात्र आधी गोंधळ होता. घटना झाडाच्या शेंड्याकडून खाली यावी की क्लिक झालेल्या जागेपासून वर जावी, याबद्दल नेटस्केप आणि इंटरनेट एक्सप्लोरर यांची मते उलट होती. नोव्हेंबर २००० मध्ये ठरलेल्या मानकाने दोन्ही मार्ग स्वीकारले. घटना आधी खाली उतरते, लक्ष्यापाशी पोहोचते आणि मग वर चढते. आजही प्रत्येक क्लिक याच तीन टप्प्यांतून जातो.

नंतरच्या दशकात दुतर्फा बांधणीची लाट आली. २०१० मध्ये आलेल्या अँग्युलरजेएसमध्ये चौकट आणि माहिती परस्परांना बांधता येत: एक बदलले की दुसरे आपोआप बदले. छोट्या अर्जासाठी हे वरदानच होते. पण बांधण्या वाढल्या की एका बदलातून दुसरा, दुसऱ्यातून तिसरा असे चक्र सुरू होई. ते अखंड फिरू नये म्हणून दहा फेऱ्यांत स्थिरता आली नाही तर काम थांबवून त्रुटी दाखवायची, असा नियम त्या प्रणालीतच घातलेला होता. कोणता बदल कोणी घडवला याचा माग लागेनासा झाला की प्रणालीला स्वतःभोवती असे कुंपण घालावे लागते.

मे २०१३ मध्ये फेसबुकने जॉर्डन वॉक यांनी सुरू केलेले रिअ‍ॅक्ट सर्वांना खुले केले. त्याची भूमिका कडक होती. माहिती पेरेंटकडून चाइल्डकडे, फक्त खाली वाहील. चाइल्डला काही सांगायचे असेल तर पेरेंटनेच आधी हाती दिलेले फंक्शन त्याने हाक मारून चालवावे. पुढच्याच वर्षी फेसबुकने फ्लक्स ही रचना मांडली, तेव्हा तिची गरज पटवण्यासाठी आपल्याच चॅटमधला एक चिवट दोष सांगितला. न वाचलेल्या संदेशांचा आकडा दिसे, उघडून पाहिले तर नवे काहीच नसे. दोष दुरुस्त होई आणि काही दिवसांनी परत येई. एकाच गोष्टीची नोंद अनेक ठिकाणी ठेवली होती आणि त्या नोंदी एकमेकींपासून सुटत होत्या. आकड्याचा एकच मालक ठरवला, तेव्हा तो दोष मुळातून गेला.

व्ह्यू (Vue) या लायब्ररीचा इतिहास तर या विषयाचा धडाच आहे. इव्हान यू यांनी ती २०१४ मध्ये प्रसिद्ध केली. सुरुवातीच्या आवृत्तीत झाडातून वर किंवा खाली कितीही दूर हाक पोहोचवण्याची सोय होती, आणि चाइल्डला पेरेंटची माहिती थेट बदलू देणारी बांधणीही होती. २०१६ च्या दुसऱ्या आवृत्तीने दोन्ही काढून टाकल्या. पण चौकट, यादी, तारखेची पेटी अशा कंपोनंटना दुतर्फा सोय खरोखर लागते, हे अनुभवाने पटले. म्हणून २०१७ मध्ये ती बांधणी परत आली, मात्र आतून बदलून. लिहायला ती दुतर्फा दिसे. प्रत्यक्षात मूल्य खाली जाई आणि बदलाची वार्ता वर येई. २०२० च्या तिसऱ्या आवृत्तीत तिलाच मुख्य रूप मिळाले आणि २०२३ च्या अखेरीस ती एका ओळीत लिहिता येऊ लागली. सोय परत आली. मालकी मात्र पेरेंटकडेच राहिली.

या पुस्तकाचे म्हणणे

या सगळ्या वाटचालीतून एक गोष्ट पुनःपुन्हा सिद्ध होते, आणि पुढची सर्व प्रकरणे तिच्यावर उभी आहेत. संवादाचा मार्ग निवडण्याआधी मालकी ठरवली पाहिजे. माहितीच्या प्रत्येक तुकड्याच्या सातबाऱ्यावर कोणाचे नाव आहे, हे एकदा लिहून काढले की कोणी कोणाला काय सांगायचे ते बहुतेक आपोआप ठरते. ते न ठरवता निवडलेली कोणतीही युक्ती, कितीही नवी असली तरी, उद्याच्या दोषाची तजवीज करून ठेवते.

हप्त्याच्या पडद्यावर हे करून पाहू. रक्कम चौकटीलाही दाखवायची आहे, स्लायडरलाही आणि हप्त्याच्या गणितालाही. या तिघांना सामावणारा सर्वांत जवळचा कंपोनंट म्हणजे गणक. म्हणून रकमेचा मालक गणक. दर आणि मुदत यांचेही तेच. हप्त्याला मात्र मालक नको. तो या तिन्हींवरून काढता येतो, म्हणून दर वेळी काढावा. तो वेगळा जपून ठेवला की जुना हप्ता आणि नवी रक्कम एकाच पडद्यावर दिसण्याची शक्यता जन्माला येते.

आता कोणी स्लायडर बारा लाखांवर नेला. स्लायडर चौकटीला काही सांगत नाही. चौकट अस्तित्वात आहे हेच त्याला माहीत नाही. तो आपल्या पेरेंटला एवढेच कळवतो की मूल्य बारा लाख व्हावे. वार्ता गणकापर्यंत चढते. गणक आपली रक्कम बदलतो आणि नवे मूल्य खाली सोडतो. ते चौकटीत उमटते, स्लायडरवर उमटते, त्यावरून हप्ता उमटतो. एक फेरी पूर्ण झाली आणि तिन्ही ठिकाणी एकच रक्कम आहे.

या फेरीतली एक बारीक गोष्ट निसटू देऊ नये. चाइल्डने वर पाठवलेली वार्ता ही विनंती असते. कर्जाची कमाल मर्यादा दहा लाख असेल, तर गणक बारा लाख मान्य करणार नाही, आणि स्लायडरने निमूट दहावर परत यायला हवे. स्लायडर स्वतःच्या मनाने बारावर थांबून राहिला, तर मालकी कागदावरच उरली.

वार्तेचे नाव ठेवतानाही हीच कसोटी लावावी. रकमेच्या चौकटीने ‘रक्कम बदलली’ असे कळवावे. तिने ‘हप्ता पुन्हा काढा’ असे कळवले, तर तिला हप्त्याची खबर लागली असा अर्थ होतो, आणि मुदत ठेवीच्या पडद्यावर ती चौकट परकी वाटू लागते. चाइल्डच्या वार्ता नुसत्या वाचून त्याच्या पेरेंटचा धंदा ओळखता येऊ नये.

चौकटीच्या आत काय घडते

मालकी ठरवताना खरी परीक्षा होते ती टंकलेखनाच्या चौकटीत, आणि देवनागरी अंक वापरणाऱ्यांना ती अधिक जवळून पाहता येते. गणकाजवळ रक्कम संख्या म्हणून असते. चौकटीत तीच १,५०,००० अशी दिसायला हवी. मराठीसाठी अशी मांडणी ब्राउझर स्वतःच करून देतो, देवनागरी अंक आणि लाखाचा स्वल्पविराम यांसह. उलट वाट मात्र सोपी नाही. जावास्क्रिप्टचे नेहमीचे रूपांतर देवनागरी अंकांना संख्या मानत नाही, आणि स्वल्पविरामही त्याला चालत नाही. तेव्हा अक्षरांची संख्या करण्याचे काम चौकटीने आपल्या पोटात करावे. गणकाला देवनागरीची किंवा स्वल्पविरामाची वार्ताही नसावी. त्याच्याकडे शुद्ध संख्याच जावी. पार्नास यांनी झाकून ठेवायला सांगितलेला निर्णय तो हाच.

पण टंकन सुरू असताना काय? वापरणाऱ्याने जुनी रक्कम पुसली आणि चौकट क्षणभर रिकामी झाली. चौकटीने लगेच शून्य कळवले आणि गणकाने ते शून्य खाली पाठवले, तर रिकाम्या चौकटीत ० उमटते, आणि पुढे लिहिलेला प्रत्येक अंक त्या शून्याला चिकटतो. प्रत्येक अंकासरशी स्वल्पविराम नव्याने मांडला तर कर्सर उडी मारून शेवटी जातो आणि मधला अंक दुरुस्त करणे अशक्य होते. कारण दोन्ही ठिकाणी सारखेच आहे. अर्धवट लिहिलेला मजकूर आणि ठरलेली रक्कम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपण त्यांना एकच मालक दिला.

त्या वेगळ्या केल्या की मार्ग दिसतो. कच्चा मजकूर चौकटीचा खासगी. पक्की रक्कम गणकाची. मजकुरातून संख्या निघत असेल तर चौकट ती कळवते, निघत नसेल तर ‘अजून काही नाही’ असे कळवते. वरून मूल्य आले की चौकट एकच तपासणी करते: माझ्या कच्च्या मजकुराचा अर्थ हीच संख्या आहे का? असेल तर तो आपलाच प्रतिध्वनी आहे, मजकुराला हात लावायचा नाही. नसेल तर कोणीतरी स्लायडर हलवला आहे. कच्चा मजकूर सोडून द्यायचा आणि नवी रक्कम मांडायची. चौकटीतून लक्ष हटले की स्वल्पविरामांची नीट मांडणी करायची. एवढ्या मोजक्या नियमांत शेकडो अर्जांमधले दोष आवरता येतात.

मराठी मजकुराच्या चौकटीत हाच प्रश्न आणखी एका रूपात येतो. उच्चारानुसार मराठी लिहून देणाऱ्या कीबोर्डवर शब्द पुरा होईपर्यंत अक्षरे बनत-बदलत असतात. मधल्या अवस्थेत पेरेंटने मजकूर छाटला किंवा बदलला तर शब्द तुटतो. ‘क्षि’ हे एक अक्षर आपल्याला दिसते, पण जावास्क्रिप्ट त्याची लांबी ४ मोजते. मर्यादा सांभाळणाऱ्या पेरेंटने ते दोनवर कापले की उरतो नुसता पाय मोडलेला ‘क्’. व्ह्यूसारख्या लायब्ररी अशा वेळी शब्द पुरा होईपर्यंत पेरेंटला कळवतच नाहीत. अर्जासाठी हे योग्य आहे. टंकता टंकता शोध घेणाऱ्या चौकटीत मात्र त्यामुळे निकाल उशिरा येतात, आणि तिथे टंकनाची घटना स्वतः ऐकावी लागते. केव्हा कळवायचे हा निर्णय काय कळवायचे याइतकाच महत्त्वाचा आहे, आणि तो भाषेनुसार बदलतो. आपल्या लिपीसाठी तो निर्णय आपणच काळजीपूर्वक घेतला पाहिजे.

प्रत काढण्याचा मोह

या क्षेत्रातला सर्वांत नेहमीचा दोष म्हणजे वरून आलेल्या मूल्याची चाइल्डने स्वतःजवळ प्रत काढून ठेवणे. ज्या क्षणी प्रत निघते त्या क्षणी दोन सत्ये होतात, आणि ती जुळवत ठेवण्याचे काम आपल्या गळ्यात पडते. काही वेळा प्रत हवीच असते. ग्राहकाचा पत्ता दुरुस्त करण्याच्या खिडकीत ‘रद्द करा’ हे बटण असेल, तर जतन होईपर्यंतचा मसुदा वेगळाच ठेवला पाहिजे. तेव्हा त्याला मसुदा म्हणावे, त्याचा आरंभ आणि शेवट ठरवावा. ग्राहक बदलला की जुना मसुदा संपून नवा सुरू झाला पाहिजे. रिअ‍ॅक्टमध्ये आणि व्ह्यूमध्ये कंपोनंटला ग्राहकाच्या क्रमांकाची ओळख-किल्ली दिली की हे आपोआप घडते: किल्ली बदलली, कंपोनंट नवा. ती विसरली तर एका ग्राहकाचा पत्ता दुसऱ्याच्या नावावर जतन होऊ शकतो.

उलट टोकाचा मोहही आहे. सगळीच माहिती झाडाच्या शेंड्यावर नेऊन ठेवली की सुरक्षित वाटते. मग एखादी यादी उघडी आहे की मिटलेली, एवढीशी गोष्टही दहा पायऱ्या चढते आणि दहा पायऱ्या उतरते. ज्यांना ती माहिती लागते त्या सर्वांना सामावणारी सर्वांत खालची जागा शोधावी आणि मालकी तिथेच ठेवावी. गरज वाढली तर मालकी एक पायरी वर न्यावी. गरज घटली तर खाली आणायलाही विसरू नये.

खोल घरटी

झाड खोल झाले की मूल्य मधल्या अनेक कंपोनंटच्या हातून जाते, ज्यांना त्याचा काहीही उपयोग नसतो. यावर तीन उपाय आहेत आणि त्यांचा क्रम महत्त्वाचा आहे. पहिला उपाय रचनेचा. मधल्या कंपोनंटमध्ये मोकळी जागा ठेवावी आणि तिथे काय बसवायचे ते मालकानेच थेट ठरवावे; मग मधल्याला मूल्य वाहून न्यावे लागत नाही. हा उपाय फार कमी वेळा आधी आठवतो, म्हणून तो आधी सांगितला.

दुसरा उपाय म्हणजे वरून एकदा ठेवलेले मूल्य खालच्या कोणालाही उचलता येणे. रिअ‍ॅक्टमध्ये २०१८ च्या मार्चपासून याचे पक्के रूप आहे. व्ह्यू, फ्लटर, स्विफ्टयूआय या सर्वांकडे आपापले रूप आहे. भाषा, रंगसंगती, कोण लॉगिन झाले आहे अशा सर्वव्यापी आणि क्वचित बदलणाऱ्या गोष्टींसाठी ते उत्तम. पण त्याची किंमत असते. असा कंपोनंट कशावर अवलंबून आहे ते त्याच्या दारावरून कळत नाही. आत शिरून पाहावे लागते. तिसरा उपाय झाडाबाहेरचे सामाईक कोठार. पडद्याच्या दूरदूरच्या फांद्यांना एकच माहिती लागते, तेव्हा ते रास्त आहे. कोठारातही मालकीचा नियम सुटत नाही. बदल कोणत्या दारातून होतात हे तिथेही ठरलेले असावे लागते.

मूल्यांपलीकडचे

काही गोष्टी मूल्य म्हणून सांगता येत नाहीत. जतन करताना चूक सापडली की लक्ष पहिल्या चुकीच्या चौकटीकडे नेणे, यादी शेवटापर्यंत सरकवणे, चित्रफीत सुरू करणे, ही कामे आहेत. इथे पेरेंटला चाइल्डचा हात धरून ‘हे कर’ असे सांगावे लागते, आणि प्रत्येक लायब्ररीने तशी वाट ठेवलेली आहे. ती वापरताना चाइल्डने मोजकी दोन-तीन कामेच बाहेर उघडी करावी. पडदा ऐकून वापरणाऱ्या दृष्टिहीन माणसासाठी लक्ष योग्य जागी नेणे हेच पडद्याशी त्याचे नाते असते. म्हणून ही वाट टाळण्यापेक्षा नीट बांधायला शिकले पाहिजे.

मांडणी हाही पेरेंट-चाइल्ड संवादच आहे, ही गोष्ट फ्लटर शिकणाऱ्याला पहिल्याच आठवड्यात उमगते. तिथे पेरेंट चाइल्डला आकाराच्या मर्यादा कळवतो, चाइल्ड त्यांत बसणारा आपला आकार कळवतो, आणि कुठे बसायचे ते पेरेंट ठरवतो. इथेही तोच न्याय दिसतो. जागेची मालकी पेरेंटची, मोजमापाची चाइल्डची. पडद्यावर पिवळ्या-काळ्या पट्ट्यांची सूचना दिसली की या बोलण्यात कुठेतरी खंड पडला, असे समजावे.

वाचकासाठी

ज्यांची बोलण्याची भाषा मराठी आणि कामाची कागदपत्रे इंग्रजी, अशा प्रोग्रामरांसाठी हे पुस्तक आहे. पुण्यात बसून काम करणाऱ्यासाठी जितके, तितकेच परदेशात मराठीतून विचार करणाऱ्यासाठी. एखादी लायब्ररी थोडी हाताळलेली असली की पुरे. विद्यार्थ्याने प्रकरणे क्रमाने वाचावीत. अनुभवी वाचकाने प्रत काढण्याच्या दोषांवरचे प्रकरण आधी उघडले तरी चालेल. आपल्या चालू प्रकल्पातले काहीतरी त्याला तिथे नक्की ओळखू येईल.

आपण वाचत असताना लायब्ररी बदलत राहतील. स्वेल्टने २०२४ च्या पाचव्या आवृत्तीत चाइल्डच्या वार्ता पाठवण्याची जुनी पद्धत मागे ठेवून पेरेंटने दिलेले फंक्शन हाक मारण्याची पद्धत पुढे आणली. अँड्रॉइडच्या जेटपॅक कंपोझने माहिती वर उचलण्याला आपल्या मार्गदर्शनात मानाचे स्थान दिले. नवे काहीही हाती आले की त्याला चार प्रश्न विचारावेत. मूल्य खाली कसे जाते? वार्ता वर कशी येते? दूरच्या फांदीपर्यंत कसे पोहोचायचे? आणि चाइल्डला काम कसे सांगायचे? चारही उत्तरे मिळाली की निम्मे शिक्षण झाले.

उरलेले निम्मे शिक्षण आपल्याच पडद्यावर होते. पहिले प्रकरण उघडण्यापूर्वी स्वतः लिहिलेला एक पडदा घ्यावा. त्यावर बदलणारी प्रत्येक गोष्ट कागदावर एकाखाली एक लिहावी, आणि प्रत्येकीसमोर तिचा मालक लिहावा. जिथे दोन नावे लिहावीशी वाटतील तिथे एक दोष दबा धरून बसलेला आहे. जिथे एकही नाव सुचणार नाही ती गोष्ट बहुधा इतरांवरून काढता येण्यासारखी आहे, आणि तिला जपून ठेवायची गरज नाही. हा कागद जवळ ठेवून पुढे वाचावे. प्रत्येक प्रकरणात त्यावरची एखादी ओळ बदलेल.